हिरवळीचं माप

बॉल भोकाच्या कडेला घासून पुढे गेला, थांबेल थांबेल म्हणता उताराला लागला आणि सरळ तळ्यात पडला. टीव्हीतून डुबुक असा आवाज आला.

"पुन्हा मारा बाबा," हिरवळकर म्हणाली. ती शेजारी बसून वाटाणे सोलत होती आणि तिचं अर्धं लक्ष टोपल्यात होतं.

बाबांनी पुन्हा मारला. या खेपेला त्यांनी उजव्या हाताचा अंगठा फार अलगद पुढे सरकवला. बॉल भोकापाशी आला, त्याला नुसती ओळख दाखवली आणि निघून गेला. डुबुक.

हे चौथं होल म्हणजे बाबांचं माहेरघर. तीन वर्षं ते रोज सकाळी आंघोळ झाली की या हिरवळीवर यायचे. बॉल कुठे वळतो, कुठे रेंगाळतो, सगळं त्यांना घरच्या जिन्यासारखं पाठ होतं. त्यामुळे तिसरा बॉलही पाण्यात गेल्यावर त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला, उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पाहिला.

"बॉलचं काही नाही गं," ते म्हणाले. "हात गेला."

"काहीतरीच काय! एखाद दिवस नाही जमत."

"कालही नाही जमलं. परवाही नाही. तुला बोललो नाही एवढंच."

समोरच्या खुर्चीत चिमणी बसली होती. ही हिरवळकरची कॉलेजातली मैत्रीण आणि आता ऑफिसातली साहेब. चिमणी हे नाव कॉलेजात पडलं ते अंगावरून नव्हे, कारण अंगाने ती तेव्हाही दोन चिमण्यांच्या घरट्यात मावली नसती. ते पडलं होतं चिवचिवाटावरून. पण आज मघापासून तिचा आवाज नव्हता. हातातल्या चहावर साय धरली होती.

"होतं असं बाबा," ती शेवटी म्हणाली. "वय झालं आता. हवा बदलली की हात जड होतात."

"तसंच असेल," बाबा म्हणाले.

चिमणी उठली. ऑफिसचं काम राहिलंय म्हणाली. रविवारी कसलं काम, असं हिरवळकरने विचारलंही, पण ती चप्पल घालून बाहेर पडली होती. तिच्यासाठी बाबांनी मुद्दाम आणवलेली नानकटाई बशीत तशीच राहिली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

हिरवळकर हे काही तिचं आडनाव नव्हे. ज्या कंपनीत ती नोकरी करत होती, तिथे गोल्फचा व्हिडिओ गेम तयार होत असे. कुणी झाडं करायचं, कुणी आकाश, कुणी पाणी, आणि ही करायची हिरवळ. गोल्फमध्ये भोकाभोवती गालिचासारखी बारीक कापलेली हिरवळ असते. तिच्यावर बॉल किती जोरात पळतो, याला हिरवळीचा वेग म्हणतात. खऱ्या मैदानात गवत किती कापलं, रोलर किती फिरवला, ऊन किती पडलं यावर तो ठरतो. गेममध्ये तो हिरवळकर ठरवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण तोच उतार मंद हिरवळीवर आजीसारखा प्रेमळ असतो आणि वेगवान हिरवळीवर सावकारासारखा. एक आकडा इकडचा तिकडे झाला की अख्खं मैदान स्वभाव बदलतं. ती आकडा लावायची, टोला मारून बघायची, पुन्हा आकडा बदलायची. "आडनाव बदल बाई तुझं, हिरवळकर कर," असं एकदा चिमणी म्हणाली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलं. लग्न करूनही जे बदललं नसतं, ते फुकटात बदललं, असं ती स्वतःच सांगायची.

सुरुवातीला कंपनीने दोघींना एका खऱ्या मैदानावर शिकायला पाठवलं होतं. तिथल्या माणसाने खाच पाडलेली एक धातूची पट्टी हिरवळीवर टेकवली, तिच्यावरून बॉल सोडला आणि तो किती फूट गेला ते मोजलं. आठ फूट गेला तर हिरवळ मंद, बारा गेला तर जलद. झालं माप. संध्याकाळी घरी तिने हे सांगितलं, तेव्हा बाबांनी जेवण थांबवलं होतं.

"म्हणजे गवताचंसुद्धा माप असतं?"

"असतं."

"मग खेळ चांगला असणार," बाबा म्हणाले.

बाबांचा सगळा जन्म मापात गेला होता. ते वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन दुकानादुकानांत जायचे आणि दुकानदाराचं किलो खरंच किलो आहे का ते बघायचे. बाजारात त्यांना लोक भ्यायचे, पण त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. वजन खोटं निघालं की ते हातात घेत, उलटं करत आणि दुकानदारासमोर तसंच ठेवत. बस्स. काही जण हातापाया पडायचे. काही जण ते सुलटं करून ठेवायचे. मग बाबा पुन्हा उलटं करायचे. पुढचं सगळं रीतसर व्हायचं, पण त्या दुकानात त्या दिवशी बाबा पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. मे महिन्यातल्या उन्हात घसा कोरडा पडला, तरी घरी येऊन नळाखाली पेला धरायचे. हिरवळकर लहान असताना तिला वाटायचं, बाबांना बाहेरचं पाणी बाधतं.

निवृत्तीनंतर झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय पुष्कळ सावरला. हात मात्र आला तो पाहुण्यासारखाच. फिजिओबाईंनी स्पंजचा चेंडू दाबायला दिला, तर बाबांनी तो खिडकीत ठेवून दिला. मी काय रांगतं मूल आहे, म्हणाले. मग हिरवळकरने ऑफिसातून कंट्रोलर आणला. त्यावरची छोटी दांडी अंगठ्याने मागे ओढायची आणि पुढे ढकलायची, की टोला बसतो. जितकी ओढाल तितका जोर. अंगठ्याला याहून चांगला व्यायाम नाही, असं फिजिओबाईंनीही कबूल केलं.

पण बॉल थांबेना. कधी पाचपट जोरात जायचा, कधी जायचाच नाही. हिरवळकरने मंद हिरवळीचं मैदान लावून दिलं, तर बाबांनी पडद्याच्या कोपऱ्यातला शब्द वाचला.

"मंद? हे काढ. उद्या पांगुळगाडा आणशील."

चार दिवसांनी कंट्रोलरही खिडकीत, स्पंजच्या चेंडूशेजारी जाऊन बसला. बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडू लागले. जेवण भरवावं लागे. बटणं ती लावायची. आपला बाप आपल्यासमोर विझत चाललाय, हे तिला दिसत होतं आणि त्यावर काय करावं ते कळत नव्हतं.

मग तिने तयार केलं ते ‘तळ्याकाठ’. नऊ होलचं लहानसं मैदान. मधे तळं, बाजूने बाकं. आणि त्यात तिने एक गोष्ट केली. गेममध्ये प्रत्येक मैदानाला वेगाचे दोन रकाने असत. एकात खेळणाऱ्याला दिसणारा शब्द, दुसऱ्यात बॉलला कळणारा आकडा. शब्द आणि आकडा जुळले पाहिजेत असा नियम कुणी केलेला नव्हता, कारण ते जुळवायचे नाहीत असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हिरवळकरने शब्द ठेवला जलद. आकडा ठेवला आठ.

पहिल्या आठवड्यात बॉल भोकाजवळ थांबू लागला. दुसऱ्यात आत पडला. बाबा ओरडले, तेव्हा ती स्वयंपाकघरातून पोळीचं पीठ लागल्या हाताने धावत आली होती. पुढे बटणं त्यांची ते लावू लागले. सही सुधारली. संध्याकाळी काठी टेकत खाली जायचे आणि बाकावरच्या निवृत्त मंडळींना सांगायचे, "जलद हिरवळीवर खेळतो मी. जलद! तुमच्यातल्या कुणी या हातात घ्या बघू तो रिमोट." मंडळी हसायची, पण एकालाही जमलं नव्हतं हे खरं. त्यातल्या एकाने नातवाच्या घरी दुसऱ्या मैदानावर खेळून पाहिलं होतं, आणि तिथल्या जलद हिरवळीवर त्याचा बॉल पार झुडपात गेला होता.

हे सगळं एकट्या चिमणीला ठाऊक होतं. कारण तळ्याकाठ तिला फार आवडलं, आणि गेममध्ये सगळ्यांसाठी घालू या म्हणून ती मागेच लागली.

"एका अटीवर," हिरवळकर म्हणाली होती. "आकड्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"तसं नाही. शपथ घे."

चिमणीचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. कॉलेजच्या फीसाठी तिच्याबरोबर बँकेत गेले ते हिरवळकरचे बाबा, आणि तिच्या लग्नात मांडवाच्या दारात उभे राहिले तेही तेच. "बाबांची शपथ," चिमणी म्हणाली होती. "तुझ्या म्हण, माझ्या म्हण, एकच बाबा आहेत आपल्याला."

सोमवारी सकाळी बाबांनी शर्ट अंगात अडकवला आणि हिरवळकरसमोर येऊन उभे राहिले.

"लाव बटणं."

"तुम्ही लावा की. रोज लावता."

"नाही लागणार."

"प्रयत्न तर करा."

"सांगतोय ना, नाही लागणार."

त्यांनी प्रयत्नच केला नाही. हात बाजूला लोंबकळत ठेवून, हनुवटी वर करून उभे राहिले, शाळेत निघालेल्या मुलासारखे. हिरवळकरने एकेक बटण लावलं. वरच्या बटणापाशी त्यांचा श्वास तिच्या हाताला लागत होता. चार दिवसांत तीन वर्षं मागे गेलो आपण, असं तिच्या मनात आलं.

बाबा पेपर घेऊन गॅलरीत गेले. तिने टीव्ही लावला, तळ्याकाठचं चौथं होल काढलं आणि एक टोला मारला. दुसरा मारावा लागला नाही. शब्द तिला फसवू शकला असता, बॉल नाही. तो जिथे मंदावायला हवा होता तिथे मंदावला नव्हता. हे आठ नव्हतं. हे पुरेपूर बारा होतं.

जो आकडा बदलायची मुभा दोघींनाच होती, तो तिने बदलला नव्हता. उरलं कोण, हे शोधायला इन्स्पेक्टर लागत नव्हता. तरीसुद्धा बसमध्ये ती चिमणीला वाचवायच्या वाटा शोधत राहिली. काही गडबड झाली असेल, मालकांनी परस्पर दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असेल. माणूस आपल्या माणसासाठी अशा वेळी चांगला वकील होतो.

चिमणीची केबिन काचेची होती. हिरवळकर आत गेली आणि दारातूनच म्हणाली, "तळ्याकाठचा आकडा कुणी बदलला?"

चिमणीने उठून दार लोटून घेतलं. त्यातच उत्तर आलं.

"बस आधी," ती म्हणाली.

"मी उभीच बरी."

"अगं, स्पर्धेत घेतलं ना आपण ते मैदान. पोरं नुसती विक्रमावर विक्रम करतायत तिथे. वर लिहिलंय जलद आणि बॉल चाललाय वरातीतल्या घोड्यासारखा. तक्रारी आल्या. मालकांनी बोलावून विचारलं, हे काय आहे म्हणून. काय सांगणार होते मी? आमच्या हिरवळकरच्या बाबांसाठी आहे म्हणून?"

"मला सांगायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे मी नाही म्हणेन हे माहीत होतं. म्हणूनच नाही सांगितलंस."

चिमणीने टेबलावरची पेन्सिल सरळ केली, मग वाकडी केली.

"आणि मालकांना काय सांगितलंस?"

"नजरचूक झाली म्हणून."

"कुणाची?"

"आता मैदान तुझं आहे, तर कुणाची सांगू?" चिमणीचा आवाज चढला. "आणि खरं बोलायचं तर आकडा चुकीचाच होता. मी बरोबर केला. बरोबर करणं हा काय गुन्हा झाला?"

"बाबांची शपथ घेतली होतीस तू."

"तेव्हा मी तुझ्या शेजारच्या टेबलावर बसत होते," चिमणी म्हणाली. "इथे नव्हते बसत."

बाहेर कुणीतरी केबिनकडे पाहून मान वळवली. हिरवळकरला आता खरं विचारायचं होतं ते विचारायचं धाडस झालं.

"बदललास कधी?"

"बुधवारी."

"आणि रविवारी घरी आलीस."

"मला वाटलं होतं, बाबांना फरक कळणारही नाही. तेच बघायला आले होते गं."

"बघितलंस ना? तीन बॉल पाण्यात गेले. हात गेला म्हणाले ते. आणि तू काय म्हणालीस? वय झालं!"

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, हे हिरवळकरला समजत होतं. पण खऱ्या पाण्याने काही धुऊन निघेना. मालकांना सांगितलेलं तिने सोडलंही असतं. नजरचूक तर नजरचूक, असल्या दहा चुका मैत्रिणीसाठी तिने अंगावर घेतल्या असत्या. पण समोर बसून, चहाचा कप हातात धरून, त्या माणसाला स्वतःच्या हाताची लाज वाटू देणं! ज्या हाताला धरून ही बाई बँकेत गेली होती, तोच हात तो.

"हे घे," चिमणीने खणातून छोटा पेन ड्राइव्ह काढून पुढे केला. "जुनं तळ्याकाठ आहे यात, आठचं. कालच काढून ठेवलं. घरच्या मशीनवर टाक आणि नेट तोडून ठेव. बाबांना कळणारही नाही. दोन दिवसांत हात परत येईल बघ."

हिरवळकरने तो तिच्या तोंडावर फेकायला हवा होता. दिवसभर ऑफिसात तिने मनातल्या मनात तो कितीदा तरी फेकला. प्रत्यक्षात तिने तो घेतला, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.

संध्याकाळी ती घरी पोहोचली, तेव्हा टीव्ही चालू होता. बाबा चौथ्या नव्हे, पहिल्या होलवर होते. पहिली हिरवळ सपाट होती, त्यामुळे बाबांना ती कधी फारशी आवडली नव्हती. त्यांनी दांडी शेवटपर्यंत मागे ओढून धरली आणि सोडली. बॉल भोक, बाक, बाकाची सावली ओलांडून उंच गवतात शिरला.

"आज फिजिओबाईंनाही मारायला लावला," बाबा तिच्याकडे न पाहता म्हणाले. "त्यांचाही तिथेच गेला."

"त्यांना कुठे खेळता येतं?"

"खेळायचं नव्हतंच. दांडी टोकापर्यंत ओढली की जोर सगळ्यांचा सारखा. माझा काय, त्यांचा काय, पैलवानाचा काय. ते आमचं पेटीतलं वजन झालं. बरोबर?"

"बरोबर."

"मी सुरुवातीला चुकून दांडी टोकाला न्यायचो, तेव्हा बॉल या बाकाच्या सावलीत थांबायचा. कायम तिथेच. आज मी सकाळपासून मारतोय, एकही सावलीत थांबलेला नाही. जोर तोच, सपाट जमीन तीच. म्हणजे हात नाही गेला." त्यांचा चेहरा उजळला होता. "हिरवळ बदललीय. काय?"

हिरवळकरचा जीव भांड्यात पडला. "हो बाबा! हात अगदी ठणठणीत आहे तुमचा. हिरवळच बदललीय."

"वाटलंच मला." बाबांनी मान डोलावली. मग डाव्या हाताने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "पण हे बघ. वर काय लिहिलंय?"

"जलद."

"आणि आधी काय लिहिलेलं असायचं?"

तिचा जीव होता तिथून पुन्हा वर आला.

"जलद," ती म्हणाली.

"शब्द तोच आणि माप दुसरं. म्हणजे दोन्हीतलं एक खोटं आहे." बाबा आता तिच्याकडे वळले. हे डोळे तिने लहानपणी बाजारात पाहिले होते, त्यांच्या मागे पेटीची कडी धरून उभी असताना. "आत्ताचं का आधीचं?"

आत्ताचं, एवढंच म्हणायचं होतं. आत्ताचं चुकलंय बाबा, उद्या नीट करते. पेन ड्राइव्ह पर्समध्ये होता, पर्स खांद्यावर होती. उद्या बॉल सावलीत थांबला असता, परवा बटणं लागली असती. वाक्य जिभेवर तयार होतं. पण दिवसभर तिने चिमणीला मनातल्या मनात एकच गोष्ट सुनावली होती, मला सांगायचंस, मला सांगायचंस. तेच आता तिच्यासमोर खुर्चीत बसून उत्तराची वाट बघत होतं.

"आधीचं," ती म्हणाली.

बाबांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. मग ते म्हणाले, "किती होतं?"

"आठ."

"आणि जलद म्हणजे?"

"बारा."

"किलो सांगून पाऊणही नाही घातलंस."

"बाबा, तुमचा हात..."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून. पण हात खरंच सुधारला ना! बटणं लावायला लागलात, सही करायला लागलात. ते तर खोटं नव्हतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात बाबा, मी काय करायला हवं होतं?"

"दुकानदार हेच म्हणायचे," बाबा शांतपणे म्हणाले. "गिऱ्हाईक खूश आहे ना साहेब, मग झालं की." मग पुढे म्हणाले, "खाली बाकावर सांगत होतो मी. जलद खेळतो म्हणून. सगळ्यांना."

हिरवळकर खाली बसली. खांद्यावरची पर्स काढायचं तिच्या लक्षात आलं नाही.

"चिमणीला माहीत होतं?"

"हो. आकडा तिनेच बदलला. बुधवारी."

"म्हणजे काल इथे बसून चहा घेत होती तेव्हा..."

"हो. सगळं माहीत असून बसली होती." आणि मग तिच्याने राहवेना. "तुमची शपथ घेतली होती बाबा तिने. आणि तुमच्यासमोर बसून म्हणते, वय झालं! मला तर तिचं तोंडसुद्धा पाहवत नाही."

बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. तिला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील चिमणीबद्दल, आणि दोघं मिळून तिला दोष दिला की जरा तरी मोकळं होता येईल.

"ती तासभर बसली असेल," बाबा म्हणाले. "तू तीन वर्षं बसलीस."

पडद्यावर तळं चमकत होतं. कुणी काही केलं नाही की तळ्यावर दोन बदकं यायची, ती आली. बदकं पाण्याचं काम करणाऱ्याने हौसेने घातली होती आणि ती दिसली की बाबा रोज हसायचे.

बाबांनी मांडीवरचा कंट्रोलर उचलला. डावा हात जवळ होता, पण त्यांनी उजवाच पुढे केला. बोटं एकेक करून कडेखाली गेली, अंगठा वर बसला. हिरवळकरचा हात सवयीने मदतीला उठला आणि अर्ध्यातच थांबला. बाबांनी कंट्रोलर उलटा केला आणि तिच्यासमोर टीपॉयवर ठेवला. त्याच्या पाठीवर चार बारीक स्क्रू होते आणि मधे, तीन वर्षं तळहात टेकून, एक गुळगुळीत डाग पडला होता.

तिने तो सुलटा केला नाही.

संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली होती. ती उठली, गोळी काढली, पेला भरून आणला आणि रोजच्यासारखा त्यांच्यापुढे धरला. बाबांनी गोळी घेतली. मग खुर्चीच्या हातावर भार देऊन ते उठले आणि भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराकडे निघाले.

ती पेला हातात धरून उभी होती. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला.